काटा

तीस हंगाम मी साखर कारखान्यात काट्यावर होतो.
गाडी भरलेली आत, रिकामी बाहेर,
मधला फरक वहीत.
घरी आलो की सदऱ्याला मळीचा वास,
आणि इंदू म्हणायची, आला गोड माणूस.

आता सावद्याच्या घरात
साखरेचा डबा फडताळात सगळ्यात वर गेलाय,
गुळाची ढेप मुंग्यांच्या नावावर केली आहे.
समोर केळीचे घड ट्रकात चढतात दिवसभर,
ती एक केळं सोलत नाही.
चैत्रापासून तिचं ताट एवढंच:
अंडी, मटण, दही, तूप.
जे चालतं, पोहतं, अंडं घालतं, दूध देतं
ते चालेल.
जे उगवतं ते नाही.

बोटं सुजून सोनाराकडे अंगठी कापावी लागली होती,
त्यानंतर कधीतरी तिनं हे ठरवलं. कुणी सांगितलं, विचारू नका.
भाऊबंदांच्या जिभा सैल सुटल्या:
भरताच्या मुलखात राहून
बाई वांग्याला शिवत नाही!
मटण मी मागच्या दारी पत्र्याच्या आडोशाला शिजवतो.
पुढच्या खोलीत आईचे देव,
मध्ये एक पडदा
आणि माझं चोरासारखं तोंड.

मार्गशीर्षात एकदा म्हणाली,
काहीतरी गोड करा ना.

साय परतली, तिचं तूप झालं.
बलक तुपात ढवळत बसलो,
पोस्टमन आला, तेवढ्यात त्याचं ऑम्लेट झालं.
तिनं खाल्लं, वर मान न करता.
तूप कढवताना सवयीनं विड्याचं पान टाकलं,
तर वासावरूनच: पान उगवतं.
वेलदोडा? उगवतो.
जायफळ?
तिनं नुसतं बघितलं.
मधावरून मात्र रात्री अकरापर्यंत वाद.
मी म्हटलं, माशीचा आहे.
ती म्हणाली, फुलाचा आहे, माशी फक्त हमाल.
तीस हंगाम हमालांत काढलेल्या माणसाला
यावर बोलता येईना.

मग रुबाब तडवीची म्हैस व्याली.
दुसऱ्या दिवसाचा चीक
किटलीला ओलं फडकं बांधून,
मांडीवर धरून, पालच्या एसटीनं ती घेऊन आली.
पैसे काढले तर रागावली,
"चीक कोनी इकतं का भाऊ?
पारडू पोटभर पेलं, मंग आनला."

मी पाच लिटर दूध चुलीवर ठेवलं.
उलथनं तळाला, नजर कडेला.
वाट बघायची मला सवय आहे,
ऐन हंगामात गाड्यांची रांग पार नाल्यापर्यंत असायची.
पाणी बाहेर जात राहिलं.
चार तासांनी पातेल्याच्या बुडाशी
जेमतेम तांब्याभर उरलं,
बोट लावून पाहिलं.
गोड.
मी काहीच घातलं नव्हतं.
म्हशीनं ते आधीच घालून ठेवलेलं,
आम्ही आपले वरून साखर ओतत होतो जन्मभर.

निवू दिलं. चिकात मिसळलं.
कुकरची शिट्टी काढून, मंद जाळावर
वाफ येऊ दिली.
सुरी बुडवली तेव्हा वडी थरथरली,
पांढरी, भोकाभोकांची.

इंदूनं तोंडात धरली.
बराच वेळ धरली.
"कमी आहे," म्हणाली.
"गोड?"
"वडी."

किटली रिकामी परत द्यायची नसते.
मी स्टुलावर चढून डबा काढला,
आठ महिन्यांत झाकण चिकटून बसलेलं.
माझ्याकडून हलेना.
तिनं पदरात धरून पिरगाळलं,
त्याच बोटांनी,
आणि ते फटकन उघडलं.
दोघंही काही बोललो नाही,
अशा गोष्टीला दृष्ट लागते.
सगळी साखर तिनं किटलीत ओतली.
कडी धरून मी हातावर तोलली, खोड जात नाही:
"सव्वादोन किलो."

"किटली वजा करा," ती म्हणाली.